‘वाडी’, ‘अंगण’ आणि ‘केंद्र’ : ग्रामीण बालशिक्षणाच्या नावांचा इतिहास

१

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी शब्दांचा आहे. तीन ते सहा वर्षे वयाच्या ग्रामीण बालकांसाठी महाराष्ट्रात ज्या सार्वजनिक संस्था निघाल्या, त्यांना वेळोवेळी मिळालेल्या नावांचा क्रमवार विचार येथे करावयाचा आहे. हा केवळ कोशकाराचा छंद नव्हे. संस्थेला नाव देताना तिच्या प्रवर्तकांच्या मनात जे प्रयोजन असते ते त्या नावात उतरते. पुढे प्रयोजन बदलते, नाव मात्र तसेच राहते. आणि मग नावात साठलेला जुना हेतू व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर मोजण्याचे एक साधन अभ्यासकाच्या हाती येते. अंगणवाडीच्या बाबतीत हे अंतर लहान नाही, आणि ते अखेरीस चार वर्षांच्या मुलाला पायी चालावे लागते.

हे विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट होय. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात, भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिर्डोशी हे गाव आहे. नीरेचे हे खोरे इतिहासात हिरडस मावळ म्हणून प्रसिद्ध आहे. बांदल देशमुखांचा आणि बाजी प्रभू देशपांड्यांचा हा मुलूख. पुढे तो भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात मोडत असे व १९४८ साली संस्थानाच्या विलीनीकरणानंतर पुणे जिल्ह्यात आला. आज निरा-देवघर धरणाच्या जलाशयाने खोऱ्याचा तळ व्यापला आहे. डोंगराच्या उतारावर, भाताच्या खाचरांच्या कडेने विखुरलेल्या वाड्या हे येथील वस्तीचे स्वरूप होय. गाव म्हणजे एक सलग गावठाण ही देशावरची कल्पना येथे अपुरी पडते. एका गावाच्या नावाखाली अनेक वाड्या असतात, आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना ओढा लागतो. शाळा काढताना या भूगोलाचे काय करावयाचे, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

२

बालशिक्षणाच्या आधुनिक नावांची परंपरा युरोपात सुरू होते. फ्रीड्रिख फ्रेबेल याने १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मूल हे रोप, शिक्षक हा माळी, आणि वाढ ही आतून होणारी क्रिया, असे हे रूपक आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या मजूर वस्तीत जी संस्था उघडली तिचे नाव ‘कासा दे बांबिनी’, म्हणजे मुलांचे घर. एकीकडे बाग आणि दुसरीकडे घर. ‘शाळा’ हा शब्द दोघांनीही टाळला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला तो ‘बालमंदिर’ या नावाने. ‘मंदिर’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ घर असाच आहे. देवालय हा अर्थ पुढे प्रबळ झाला. त्यामुळे ‘बालमंदिर’ हा ‘मुलांचे घर’ याचा अर्थानुवाद होऊ शकतो, आणि शिवाय बालकाविषयीचा पूज्यभावही त्यात येतो. १९२३ साली ताराबाई मोडक भावनगरास गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू केला. ‘मंदिर’ आणि ‘विहार’ ही दोन्ही नावे संस्कृतप्रचुर व नागर आहेत. ज्या घरांत अशी भाषा वाचली जात होती त्या घरांतील मुलांसाठीच प्रारंभी या संस्था होत्या, असे म्हणावयास हरकत नाही. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती, ती शिस्तीने हाताळावी लागत, आणि त्यांसाठी स्वतंत्र इमारत लागे. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरी यांच्या प्रशिक्षण संस्थेत बोलताना गांधीजींनी हे शिक्षण केवळ धनिकांच्या मुलांपुरते न राहता गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा व्यक्त केली होती. ते कसे पोहोचावे याचे उत्तर मात्र त्या वेळी कोणाजवळही नव्हते.

३

ते उत्तर ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर जिल्ह्याच्या) डहाणू तालुक्यात शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म पुणे जिल्ह्यातील मोरगावचा (१९१०); बालवैधव्याच्या आघातानंतर शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुढे हे कार्य १९५७ च्या सुमारास त्याच तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले.

बोर्डीच्या कार्यात रुळलेला शब्द ‘बालवाडी’ हा होय. त्यातील ‘वाडी’ कोणती हे पाहू. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यापासून ‘वाटिका’, आणि प्राकृतात स्वरांमधील ट-काराचा ड-कार होऊन ‘वाडी’. कुंपणाच्या आत झाडे असली तर ती बाग, आणि घरे असली तर ती वस्ती. मराठीत हे दोन्ही अर्थ नांदतात व मोल्सवर्थच्या कोशात दोहोंची नोंद आहे. तथापि प्रदेशपरत्वे त्यांचे प्राबल्य वेगळे आहे. बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्यावर वाडी म्हणजे चिकूची, नारळाची बाग. शेजारच्या गुजरातीतही ‘वाडी’चा तोच अर्थ. म्हणून त्या परिसरात ‘बालवाडी’ म्हटल्याबरोबर मुलांची बाग, म्हणजेच फ्रेबेलचे ‘किंडरगार्टन’, उभे राहते; आणि तेही कोणत्याही परक्या शब्दाचा आधार न घेता. नीरेच्या खोऱ्यात मात्र वाडी म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती. तेथील माणसाच्या कानाला ‘बालवाडी’तून बाग ऐकू येत नाही, वस्ती ऐकू येते. हा अर्थभेद गैरसोयीचा नाही. उलट, तो पुढील शब्दाच्या आकलनास साहाय्यभूत होतो.

बोर्डीत बालवाडी उघडली, परंतु जी मुले तेथे यावीत म्हणून सारा खटाटोप होता तीच मुले प्रथम येईनात. आईबाप कामावर गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम मोठ्या मुलाकडे असे. अंगावर पुरेसे वस्त्र नसे. वस्ती गावकुसाबाहेर असे, आणि गावाच्या मध्यभागी येऊन बसण्याचा संकोच पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेण्यात आली. घरासमोरचे अंगण झाडून तेथेच मुलांना नाहू घालणे, नखे काढणे, गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही शिक्षणसाधने झाली. जी साधने माँटेसरींच्या पेटीत होती त्यांचे तत्त्व ठेवून द्रव्य तेवढे बदलले. या उपक्रमाचे नाव ‘अंगणवाडी’.

आता शब्दाची रचना पाहावी. बोर्डीत दोन संज्ञा एकमेकींच्या समोर उभ्या होत्या : ‘मध्यवर्ती बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’. पहिलीत मूल संस्थेकडे येते; दुसरीत संस्था मुलाकडे जाते. ‘अंगण’ हे येथे केवळ स्थळाचे नाव नाही. ती ‘मध्यवर्ती’ या विशेषणाची विरोधी संज्ञा आहे. भाषाशास्त्रात शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांशी असलेल्या विरोधातून ठरतो असे मानतात. तो विरोध नाहीसा झाला की शब्द उरतो, अर्थ सरकतो. कोसबाडला हाच विचार आणखी पुढे गेला. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट रानात भरणारी ‘कुरणशाळा’ ही त्या विचाराचीच फळे होत. ‘कुरण’ आणि ‘अंगण’ या शब्दांचे व्याकरण एकच आहे : मूल जेथे आहे ती जागा आधी, शाळा नंतर.

४

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या क्षेत्रात सावकाश पाऊल टाकले. १९४४ च्या सार्जंट अहवालाने पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी दहा लाख जागांची शिफारस केली होती. १९५२ साली सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत आणि १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानातून अनेक ठिकाणी बालवाड्या निघाल्या. त्या बहुधा महिला मंडळांच्या आश्रयाने चालत. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, परंतु संस्था चालविण्याचा भार मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर ठेवला. परिणाम असा झाला की, ज्या गावात उत्साही मंडळ होते तेथे बालवाडी होती आणि जेथे ते नव्हते तेथे ती नव्हती. डोंगरी खोऱ्यांत असे मंडळ असण्याचा संभव सर्वांत कमी होता.

हे चित्र २ ऑक्टोबर १९७५ रोजी बदलू लागले. त्या दिवशी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, आणि तिच्या ग्रामपातळीवरील घटकाला ‘अंगणवाडी’ हे नाव देण्यात आले. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे, १९७३ साली, निवर्तल्या होत्या. डहाणू तालुक्यात घडलेला शब्द अशा रीतीने अखिल भारतीय झाला. हिंदीत तो ‘आँगनबाड़ी’ झाला, मलयाळममध्ये ‘अंकणवाडी’, कन्नडात ‘अंगनवाडी’. मराठीने अर्वाचीन काळात इतर भारतीय भाषांना दिलेल्या शब्दांत इतका दूरवर गेलेला दुसरा शब्द सहजासहजी सापडणार नाही.

पण या प्रवासात तीन अर्थांतरे झाली. पहिले असे की, इंग्रजी लेखनात ‘अंगणवाडी’चा अर्थ ‘अंगणातील आसरा’ असा सर्रास दिला जाऊ लागला. ‘वाडी’तील बाग गेली आणि निवारा आला. बागेत वाढ होते. आसऱ्याला संरक्षण मिळते. दोन्ही आवश्यक आहेत, परंतु ते एक नव्हेत.

दुसरे अर्थांतर कार्याचे. योजनेने सहा सेवा सांगितल्या : पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. बोर्डीत स्नान, आहार व आरोग्य ही बालशिक्षणाची अंगे होती. येथे शिक्षण हे सहांतील एक झाले. कुपोषणाने मुले दगावत असता पोषणाला अग्रक्रम देणे सर्वस्वी योग्यच होते, आणि या योजनेने लसीकरणाच्या व आहाराच्या बाबतीत जे केले त्याचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. तथापि नोंदवह्या ज्या गोष्टीच्या ठेवल्या जातात तीच गोष्ट कालांतराने मुख्य होते. वजन नोंदता येते, शिधा मोजता येतो. मुलाने आज कोणता नवा प्रश्न विचारला याला रकाना नसतो. पुढे मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान आले व २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनीवरील प्रणालीत नोंदी होऊ लागल्या. वहीची जागा यंत्राने घेतली, रकान्यांचा कल कायम राहिला.

तिसरे अर्थांतर सर्वांत सूक्ष्म व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. कार्यालयीन भाषेत आज ‘अंगणवाडी केंद्र’ असा जोडशब्द रूढ आहे. बोर्डीच्या परिभाषेत हा वदतोव्याघात ठरला असता. जी संज्ञा ‘मध्यवर्ती’च्या विरोधात घडली तिलाच ‘केंद्र’ हे पद जोडले गेले, आणि कोणाच्या कानाला ते खटकले नाही. कारण तोपर्यंत अंगणवाडी खरोखरच केंद्र झालेली होती.

५

हिर्डोशीसारख्या वाड्यांच्या मुलखात या शब्दबदलाचा अर्थ काय, हे आकड्यांनी पाहता येते. २००७–०८ मध्ये सुधारलेल्या निकषांप्रमाणे ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येस एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येस एक मिनी अंगणवाडी; आदिवासी व डोंगराळ भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३०० ते ८०० आणि १५० ते ३०० असे शिथिल करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात आणखी एक वाट मोकळी केली : ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी. हा आदेश भारतीय बालकांच्या हक्कांच्या इतिहासातील एक मोठा टप्पा आहे यात शंका नाही.

परंतु गणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शून्य ते सहा या वयोगटाचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के होते. या प्रमाणाने ४० मुले असण्यासाठी वस्ती सव्वातीनशेच्या वर माणसांची हवी. म्हणजे डोंगरी वस्तीला जो हक्क लोकसंख्येच्या निकषाने आधीच मिळतो, त्याहून लहान वस्तीला मागणीचा मार्ग फारसे काही देत नाही. उलट बाजूने, दीडशे माणसांच्या वाडीत त्याच प्रमाणाने अठराच्या आसपास मुले निघतात, आणि त्यांपैकी तीन ते सहा वर्षांची सात-आठ. दीडशेहून खाली गेले की ती वाडी निकषांतूनच निसटते. तिची मुले शेजारच्या केंद्राशी जोडली जातात. कागदावर जोडलेली वाडी आणि प्रत्यक्ष चालण्याचे अंतर यांत जून ते सप्टेंबर या काळात किती फरक पडतो, हे वरंधा घाटाच्या पायथ्याचा पाऊस ज्याने अनुभवला असेल त्याला सांगावयास नको. शिधा आठवड्याने घरी नेता येतो. गाणे व गोष्ट नेता येत नाही. म्हणून लहान वाडीच्या मुलाला सहा सेवांपैकी पाच कमी-अधिक मिळतात, आणि नेमके शिक्षण तेवढे चुकते. बोर्डीत १९४५ नंतर जो प्रश्न सोडविण्यासाठी ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला, तोच प्रश्न आज अंगणवाडी या नावाखाली पुन्हा उभा आहे.

शिक्षिकेसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचाही येथेच विचार केला पाहिजे. तिला ‘सेविका’ म्हणतात, तिच्या सोबतिणीला ‘मदतनीस’, आणि त्यांना मिळणाऱ्या पैशाला ‘मानधन’. शिक्षिका, साहाय्यिका, वेतन हे शब्द उपलब्ध असता ते योजले गेले नाहीत. सेवा व मान यांची भाषा ताराबाई-अनुताईंच्या पिढीच्या त्यागातून आली. परंतु स्वेच्छेने केलेला त्याग आणि योजनेने गृहीत धरलेला त्याग यांत भेद आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस या उपदान कायद्याखाली उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला, तेव्हा ‘मानधन’ या शब्दाआडचे नोकरीचे वास्तव प्रथमच इतक्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत आले. सर्वेक्षण, नोंदी, आहारवाटप, गृहभेटी हे सारे एका सेविकेकडे असता ती मुलांपुढे किती वेळ बसू शकेल, हा प्रश्न तिच्या निष्ठेचा नसून तिच्या दिवसाच्या तासांचा आहे.

६

अंगणवाडीची कामगिरी कशी आहे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा तुलनेने दिले जाते. तालुक्याच्या गावी, आणि आता लहान बाजारगावांतही, ‘ज्युनिअर केजी’, ‘सीनिअर केजी’ यांच्या पाट्या दिसतात. ज्या पालकास परवडते तो मुलाला तिकडे पाठवितो, आणि अंगणवाडी ही ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांची, अशी समजूत पक्की होते. येथे इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. ‘केजी’ ही दोन अक्षरे ‘किंडरगार्टन’चा संक्षेप होत, आणि ‘बालवाडी’ हा त्याच कल्पनेचा मराठी अवतार. एकाच बागेची दोन नावे आज परस्परविरोधी दर्जांची द्योतक झाली आहेत. आणि दोन्हींत बाग उरली आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ व असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान व तेलंगण येथील मुलांचा वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग घेऊन केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दोन्ही पक्षांस अडचणीचा आहे. अंगणवाड्यांत पूर्वशालेय कार्यक्रमास फार थोडा वेळ मिळतो. खाजगी वर्गांत वेळ मिळतो, पण तो बव्हंशी अक्षरे व अंक घोकण्यात जातो. पहिलीच्या वर्गाची पूर्वतयारी दोहोंकडेही अपुरीच आढळली. जेथे नियोजनपूर्वक खेळ, साहित्य हाताळणे व संभाषण होते तेथे मुलांची तयारी अधिक चांगली होती. म्हणजे खरा भेद सरकारी व खाजगी असा नाही. बोर्डी-कोसबाडला जे प्रत्यक्ष करून पाहिले गेले तेच येथे मोजमापाने पुढे आले आहे.

भाषेच्या अभ्यासकाला यात एक गोष्ट अधिक दिसते. हिर्डोशीच्या खोऱ्यातील मूल चौथ्या वर्षी खाचर, राब, तरवा, इरले हे शब्द व त्यांमागील व्यवहार जाणते. भाताचे रोप कोठे वाढते, कधी उपटतात, कोठे लावतात, हा क्रम ते सांगू शकते. आणि क्रम सांगता येणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. अंगणातील शिक्षणाचे सामर्थ्य हे की, ते या शब्दांपासून आरंभ करू शकते. घोकून घेतलेल्या परभाषेच्या मुळाक्षरांत या शब्दांना जागा नाही, आणि आहाराच्या नोंदवहीतही नाही. मुलाजवळ आधीच असलेली भाषा ज्या मापाने मोजली जात नाही, ते माप त्याच्या शाळेचे यश-अपयशही नीट सांगू शकणार नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ बदलला व सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या प्रयत्नांचे लक्ष्य ठरविले; परंतु शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा या वयांतच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला, आणि मे २०२३ पासून अंगणवाडीत पोषणाबरोबर अध्यापनावर भर देण्याचा केंद्रीय कार्यक्रमही चालू झाला. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि शिक्षणाचा हा भार वाढविताना मुलांना अधिक मोठ्या, अधिक सुसज्ज, परंतु अधिक दूरच्या केंद्रांत एकत्र आणण्याचा मोह होण्याचा संभव आहे. तसे झाल्यास बोर्डीतील ‘मध्यवर्ती बालवाडी’चा अनुभव नव्या इमारतीत पुनरावृत्त होईल.

या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत क्षेत्राभ्यास करावयाचे ठरविल्यास त्यांनी गुणांच्या तक्त्यांनी आरंभ करू नये. प्रथम वाड्यांची यादी करावी; प्रत्येक वाडीतील तीन ते सहा वर्षांची मुले मोजावीत; ती ज्या अंगणवाडीशी जोडलेली आहेत तेथपर्यंतचे अंतर पावसाळ्यात व उन्हाळ्यात चालून पाहावे; सेविकेचा एक दिवस तासवार नोंदवावा; आणि मुले आपसांत काय बोलतात ते लिहून घ्यावे. एवढी सामग्री हाती आल्यावर कामगिरीचा प्रश्न विचारण्यास आपण पात्र होऊ. अंगणवाडी चांगली चालते की नाही, हे त्यानंतर पाहता येईल. ती कोणत्या वाडीच्या अंगणात आहे आणि कोणत्या वाडीच्या नाही, हे आधी पाहिले पाहिजे.